धाब्याचा कठडा
(साथीचा रोग, लस आणि ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य)

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, गणना १६:४१-५०, मत्तय ४:५-७, यशया ३८:१-५, २१, लूक १०:२५-३७.

पाठाचा उद्देश : साथीच्या काळात स्वतःची व शेजाऱ्याची काळजी घेणे हा अविश्वास नसून देवाच्या आज्ञेचे पालन आहे, हे मंडळीला व शब्बाथशाळेच्या मुलांना समजावे.



हा पाठ लिहिण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. १९२१ च्या आसपासच्या गोष्टी आपण पुस्तकांत वाचतो, पण ही गोष्ट २०२१ ची, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखतची आहे. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात साठ वर्षांवरील लोकांना कोरोनाची लस देण्यास सुरुवात झाली. आदिलाबाद येथे एका घरी प्रार्थनासभा होती आणि मी स्तोत्र ९१ वर बोललो. मरीपासून प्रभु आपल्या लोकांना राखतो, हे मी मोठ्या आवेशाने सांगितले. सभा संपल्यावर मंडळीतील एक वृद्ध मावशी मला म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच सांगितलंत ना, प्रभु राखतो म्हणून! मग मला ती सुई कशाला?” मी हसलो, “बरं आहे, मावशी,” म्हणालो आणि चपला घालून निघालो.

त्याच आठवड्यात मी माझ्या आईला मोटारसायकलवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेले व लस टोचून आणली होती. हे मी मावशींना सांगितले नाही. सांगितले असते तर माझ्या उपदेशाचा जोर कमी झाला असता असे मला वाटले. एप्रिलअखेर मावशींना ताप आला, दम लागू लागला आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना माती दिली. दफनविधीला आम्ही मोजकी माणसे होतो. लस घेतली असती तर त्या खात्रीने वाचल्या असत्या, असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु जी वाट मी माझ्या आईसाठी धरली ती मावशींना दाखविली नाही, एवढे खरे आहे. तेव्हापासून हा विषय माझ्या मनाला बोचत राहिला आहे. म्हणून आज आपण तो शास्त्राच्या व इतिहासाच्या उजेडात पाहू.

१. आपल्या मुलखाची आठवण : मानमोडी

आपल्या आजी-पणजींच्या तोंडी ‘मानमोडी’ हा शब्द असे. १९१८ साली आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीला मराठी मुलखात दिलेले हे नाव. पहिले महायुद्ध संपत आले होते. सैनिकांच्या जहाजांबरोबर हा रोग जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरला. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई पहिल्या आजाऱ्यांपैकी होते. पहिली लाट सौम्य होती. लोक चार दिवस तापाने पडत व उठत. पण सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि ती भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. आगगाडीने रोग गावोगाव पोहोचला. त्यातच त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग झाले होते आणि माणसे अर्धपोटी होती. साऱ्या हिंदुस्थानात किती मेले याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आहेत. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आजवरच्या खानेसुमारींत असे फक्त त्याच वेळी घडले आहे.

या साथीतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली ही की, वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे मोठ्या संख्येने गेली. आपण तरुण आहोत, आपल्याला काही होत नाही, असे कोणी म्हणू नये.

दुसरी ही की, आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. घरातील आजाऱ्यांचे करणारी तीच, सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणारीही तीच. स्वतः अंथरुणाला खिळेपर्यंत ती उठबस करीत राहिली.

तिसरी ही की, रोगाने भेदभाव केला नाही, पण समाजाने केलेला भेदभाव रोगाला उपयोगी पडला. मुंबईत युरोपियन लोकांत मृत्यूचे प्रमाण हजारी ८ च्या आसपास होते; खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या हिंदूंत ते हजारी ६१ च्या वर होते. दाट वस्ती, कोंदट खोल्या, अपुरे अन्न आणि डॉक्टर नाही. आपल्या पुष्कळ मंडळ्यांचे पूर्वज अशाच वस्त्यांत राहत होते. म्हणून हा आकडा वाचताना परक्याचा म्हणून वाचू नये.

त्या काळी डॉक्टरांजवळ काय होते? रोग कशाने होतो हेच ठाऊक नव्हते. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसाच्या शरीरातून प्रथम वेगळा काढला गेला तो १९३३ साली, लंडन येथे. उपयोगी पडेल अशी लस १९४० नंतरच्या दशकात तयार झाली. १९१८ मध्ये करता आले ते एवढेच : गर्दी टाळणे, आजाऱ्याला वेगळे ठेवणे, दूध व पेज पोहोचविणे. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांतून ते काम करीत फिरले. उपाय नसतानाही सेवा होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. आपल्याजवळ तर आता उपायही आहेत.

२. लस म्हणजे काय?

आपल्याकडील जुनी माणसे लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत. ज्यांचे वय पन्नासच्या पुढे आहे त्यांतील बहुतेकांच्या दंडावर त्याचा वण आहे. इंग्लंडातील एका पाळकाचा मुलगा, डॉक्टर एडवर्ड जेन्नर, याने १७९६ साली ही रीत काढली. गाईंचे दूध काढणाऱ्या मुलींना गाईच्या सडांवरील देवीचे फोड हातांना येत, पण मग त्यांना माणसांतील मारक देवी येत नसत, हे त्याने पाहिले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण. आपल्या देशात १९७५ साली देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले. लाखो लोकांना मारणारा व आंधळे करणारा रोग प्रार्थनेला उत्तर म्हणून गेला असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे; पण ते उत्तर गावोगाव पायी हिंडणाऱ्या देवी डॉक्टरांच्या हातून आले.

लसीत मेलेला, दुबळा केलेला किंवा तुकड्याच्या रूपातील जंतू असतो. तो रोग करण्याइतका समर्थ नसतो, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. दोनेक आठवड्यांत शरीर त्याच्याशी लढणारी द्रव्ये तयार करते. पुढे खरा शत्रू आला की पहारेकरी जागा असतो.

फ्लूच्या बाबतीत अडचण अशी आहे की हा विषाणू दरवर्षी वेश पालटतो. म्हणून त्याची लस दरवर्षी नवी करावी लागते व दरवर्षी घ्यावी लागते. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा वर्षभर त्याच्यावर नजर ठेवतात. आपल्या देशात हे काम पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था करते. ती १९५२ साली स्थापन झाली. फ्लूची लस घेतल्यावर फ्लू होणारच नाही असे नाही. पण आजार बळावून न्यूमोनिया होण्याचा व मृत्यूचा धोका ती कमी करते. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले, दमा, मधुमेह व हृदयविकार असलेले लोक यांना तिचा विशेष उपयोग आहे. फ्लूची लस कोरोनावर चालत नाही व कोरोनाची फ्लूवर चालत नाही, हेही लोकांना स्पष्ट सांगावे.

३. पुणे आणि हैदराबाद

२००९ साली डुकरांतील विषाणूशी संबंध असलेला नवा फ्लू जगभर पसरला. आपल्या देशातील पहिला रोगी मे महिन्यात हैदराबादच्या विमानतळावर उतरलेला प्रवासी होता. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील तो पहिला बळी. पुण्यात शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवली गेली. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या व रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल दिसू लागला. लस तेव्हा नव्हती. २०१० च्या जून-जुलैत देशी लसी बाजारात आल्या. त्यांतील एक अहमदाबादला आणि एक, नाकात फवारण्याची, पुण्यात तयार झाली. तोवर साथीचा जोर ओसरला होता. पुढे २०१५ च्या आरंभी हाच फ्लू तेलंगणात व महाराष्ट्रात पुन्हा जोराने उसळला. यावरून दोन धडे मिळतात. लस तयार होईपर्यंतचा काळ हात धुणे, तोंड झाकणे व गर्दी टाळणे यांनीच काढावा लागतो. आणि साथ ओसरली म्हणून रोग गेला असे होत नाही.

कोरोनाच्या वेळी मात्र लस वर्षभरातच आली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. एक लस पुण्यात बनली. दुसरी हैदराबादेत बनली, आणि तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या संस्थेने वेगळा काढून दिला होता. आपण आदिलाबादचे मराठी लोक. आपले कामकाज हैदराबादेकडे पाहून चालते आणि आपले सोयरे पैनगंगेपलीकडे राहतात. या दोन्ही दिशांकडून आपल्याकडे मदत आली. स्तोत्र १२१ मधील भक्त साहाय्य कोठून येईल असे विचारतो, व ते प्रभूकडून येते असे स्वतःच उत्तर देतो. प्रभूकडून येणारे साहाय्य पुष्कळदा माणसांच्या हातून, कधी बर्फाच्या पेटीतूनही येते.

४. पवित्र शास्त्र काय शिकविते?

(अ) देवाची परीक्षा पाहू नये. मत्तय ४ मध्ये सैतान प्रभु येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो व खाली उडी टाकण्यास सांगतो. त्यासाठी तो कोणत्या वचनाचा आधार घेतो? स्तोत्र ९१ चा! देवदूत तुला झेलतील, असे तो सांगतो. वचन खरे आहे, पण त्याचा उपयोग खोटा आहे. प्रभूने त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर दिले की देवाची परीक्षा पाहावयाची नसते. बंधुजनहो, हे वाचताना माझे मलाच भय वाटले. त्या घरसभेत मी जे वचन सांगितले ते खरेच होते. पण मावशींनी त्यातून उडी टाकण्याचा अर्थ घेतला आणि मी त्यांना थांबविले नाही.

(ब) कठडा बांधावा. अनुवाद २२:८ मध्ये एक साधी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. आपल्याकडे धाब्याची घरे पुष्कळांनी पाहिली आहेत. उन्हाळ्यात तेथे झोपतात, मिरच्या वाळत घालतात, मुले खेळतात. घरधन्याला आपल्या धाब्याची सवय असते; अंधारातही तो कडेला जात नाही. मग कठडा कोणासाठी? पाहुण्यासाठी, शेजाऱ्याच्या लेकरासाठी. कठडा बांधणारा देवावर कमी विश्वास ठेवतो असे मोशेने म्हटले नाही. उलट तो न बांधणाऱ्याला दोषी ठरविले. लस, तोंडावरील रुमाल, ताप असताना उपासनेला न येणे, हे सर्व आजच्या काळातील कठडे आहेत. ते माझ्यासाठी आहेत, पण माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या म्हातारीसाठी अधिक आहेत.

(क) प्रार्थना आणि धाव एकत्र असावी. गणना १६ मध्ये छावणीत मरी सुरू होते. अहरोन धुपाटणे घेऊन धावत जातो आणि मेलेल्यांच्या व जिवंतांच्या मधोमध उभा राहतो. धूप हे प्रार्थनेचे चिन्ह आहे. पण तो तंबूत बसून राहिला नाही. वयोवृद्ध याजक धावला. त्या दिवशी १४,७०० माणसे मेली, तरी त्याच्या उभे राहण्याने मरी थांबली. मंडळीची जागा तीच आहे.

(ड) औषध हेही देवाचे दान आहे. हिज्कीया राजाला देवाने आणखी १५ वर्षे आयुष्य देण्याचे वचन दिले होते. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधण्यास सांगितले. वचन मिळाल्यावर औषध अनावश्यक झाले नाही.

१५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथरनेही असेच शिकविले. घर शुद्ध ठेवावे, औषध घ्यावे, गरज नसेल तेथे जाऊन रोग पसरवू नये. पण शेजाऱ्याला आपली गरज असेल तर मात्र मागे हटू नये, असे त्याने एका पत्रात लिहिले. तो स्वतः शहर सोडून गेला नाही.

५. मंडळीत ऐकू येणाऱ्या शंका

“लसीने माणसे दगावतात.” ही शंका हसण्यावारी नेऊ नये. लस घेतल्यावर दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते. गंभीर त्रास क्वचित होतो, पण होतो. इतिहासात चुकाही झाल्या आहेत. डॉक्टर हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी त्याच लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन यांच्यावर दोष आला व पुढे १९०७ मध्ये तो दूर झाला. चूक लपविल्याने भरवसा वाढत नाही. ती शोधून दुरुस्त केल्याने वाढतो. ज्यांना पूर्वी लसीचा किंवा अंड्यासारख्या पदार्थाचा तीव्र त्रास झाला असेल त्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.

“सरकारी माणसांवर भरवसा नाही.” हेही उगाच नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सैनिक घरांत शिरले, देवघरे व स्वयंपाकघरे तुडविली गेली आणि लोक रोगी लपवू लागले. हेतू रोग थांबविण्याचा होता, पण रीत अपमानाची होती. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोक बंदुकीला भ्याले, पण सावित्रीबाईंजवळ आपले आजारी घेऊन आले. ज्याला लसीची भीती वाटते त्याला “अडाणी” म्हणून हिणवू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. शोमरोनी मनुष्याने जखमी माणसाला पत्ता सांगितला नाही. त्याने त्याला आपल्या जनावरावर बसविले व उतारशाळेत नेले.

“माझे मरण देवाच्या हाती आहे.” होय, आमेन. पण शेजाऱ्याची काळजी देवाने तुझ्या हाती दिली आहे.

६. शिक्षकांसाठी सूचना

लहान वर्ग : टेबलाच्या कडेला एक बाहुली ठेवा व टेबल हळूच हलवा. मग कडेला पुस्तकांचा कठडा करून पुन्हा हलवा. अनुवाद २२:८ ची गोष्ट सांगा. खोकताना कोपरात तोंड धरणे व साबणाने हात धुणे हे कृतीने शिकवा.

मोठा वर्ग : घरातील सर्वांत वृद्ध माणसाकडून मानमोडी, देवी किंवा पटकीच्या साथीची ऐकलेली आठवण लिहून आणण्यास सांगा. ती पुढच्या रविवारी वर्गात वाचा.

मंडळीसाठी : महिला मंडळाने किंवा तरुण संघाने मंडळीतील साठीपुढील व एकट्या राहणाऱ्या लोकांची यादी करावी. पावसाळ्यात व थंडीत फ्लू वाढतो. त्यापूर्वी त्यांना लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला मिळवून द्यावा. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांचा विचार पंचमंडळींनी करावा. ताप असलेल्या सभासदाने घरी राहावे व त्याच्या घरी भाकरी पोहोचावी. तो उपासनेला का आला नाही म्हणून कुजबुज होऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. सैतानाने स्तोत्र ९१ चा उपयोग कसा केला? आपण ते स्तोत्र कसे वाचावे?
२. आपल्या घराच्या ‘धाब्याला’ आज कोणता कठडा हवा आहे?
३. अहरोन प्रार्थना करीत धावला. आपण यांतील कोणती गोष्ट विसरतो?
४. जी काळजी आपण आपल्या आई-वडिलांची घेतो, ती मंडळीतील कोणाची घेण्याचे राहून गेले आहे?

हा शेवटचा प्रश्न मी प्रथम मला विचारला आहे. मावशींची नात आता आमच्या शब्बाथशाळेत आहे. गेल्या वर्षी स्तोत्र ९१ पाठ म्हणण्याची पाळी तिची होती. तिने ते न चुकता म्हटले. नंतर मी वर्गाला मत्तय ४ उघडण्यास सांगितले आणि दोन्ही पाठ एकत्र शिकविले. चार वर्षांपूर्वी करावयाचे काम मी उशिरा केले. आपण उशीर करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू जीवनाचा दाता आहेस. आमच्या वचनांत खरेपणा आणि आमच्या पायांत अहरोनाची धाव दे. जे प्रयोगशाळेत, दवाखान्यात व रस्त्यावर आजाऱ्यांसाठी श्रम करतात त्यांना राख. साथीत ज्यांची माणसे गेली त्यांचे सांत्वन कर. आमच्या घरांना शेजाऱ्यासाठी कठडा बांधण्याची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.